कॅमेरा घडवणारा चित्रकार : कलामहर्षी बाबुराव पेंटर

‘पेंटर’ हे काही त्यांचं जन्माचं आडनाव नव्हे. खरं आडनाव मेस्त्री. म्हणजे तसं पाहिलं तर आपल्या वर्कशॉपच्या घराण्यातलेच! नाटकांचे पडदे रंगवता रंगवता लोक पेंटर म्हणायला लागले आणि तेच नाव कायमचं चिकटलं. पुढे ह्या माणसाने कोल्हापुरात बसून सिनेमाचा कॅमेरा तयार केला, त्या कॅमेऱ्यावर सिनेमे काढले, त्या सिनेमांची पोस्टर्स स्वतः रंगवली, आणि हाताखाली जी पोरं तयार केली त्यांनी पुढे ‘प्रभात’ उभी केली. जन्म ३ जून १८९०, मृत्यू १६ जानेवारी १९५४. दोन्ही कोल्हापुरातच.

आपल्या मासिकात दरवर्षी एखाद्या थोर माणसाचं चरित्र असतंच. विश्वेश्वरय्या झाले, कलामसाहेब झाले, टाटा झाले. यंदा मी बाबुरावांचं घेतलं त्याला दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे हॉस्टेलवर पिक्चर रात्र-रात्र बघितले जातात, पण त्यात जुना मराठी सिनेमा शोधून बघणारा विरळाच. आणि चित्रकला म्हटली की आपली मजल पहिल्या वर्षाच्या इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या शीटपर्यंत. चित्र, सिनेमा ह्या गोष्टी आर्ट्सवाल्यांच्या, आपण आपलं नट-बोल्ट बघावं, असा एक समज आपल्यात पक्का बसलाय. बाबुरावांचं आयुष्य वाचलं की तो टिकत नाही. दुसरं कारण माझ्या गावाशी आहे. मी वडगाव रासाईचा, तालुका शिरूर. बाबुरावांचा एक सिनेमा असा आहे की तो आमच्या भीमाकाठच्या माणसाने विसरूच नये. त्याबद्दल पुढे सांगतो.

मेस्त्र्यांचं घर

बाबुरावांचे वडील कृष्णराव मेस्त्री हे कारागीर. लोखंडाचं काम, लाकडाचं काम, चित्र, मूर्ती, हस्तिदंतावरचं कोरीवकाम, हात घालतील ते साधायचं. अशा घरात पोराला हत्यारं वेगळी शिकवावी लागत नाहीत. शाळा फार झाली नाही. ना कुठल्या आर्ट स्कूलची पदवी, ना सर्टिफिकेट. वडिलांकडे आणि आसपासच्या कामांकडे बघत बघत बाबुराव शिकले.

तेव्हाचं कोल्हापूर म्हणजे शाहू महाराजांचं कोल्हापूर. कुस्ती, गाणं, नाटक, चित्र सगळ्याला आसरा होता. आबालाल रहिमान यांच्यासारखा मोठा चित्रकार त्याच गावात राहून रंकाळा, कोटितीर्थ रंगवत होता. संगीत नाटकांचा जमाना होता आणि नाटकाला पडदे लागायचे. राजवाडा, जंगल, रस्ता, देऊळ, प्रत्येक प्रवेशाला वेगळा पडदा. नात्यातले भाऊ आनंदराव आणि बाबुराव, दोघे मिळून हे पडदे रंगवायला लागले. साधारण १९१० ते १९१६ ह्या काळात पश्चिम भारतात पडदे रंगवणाऱ्यांमध्ये ह्या दोघांचं नाव अगदी वरचं होतं. केशवराव भोसल्यांच्या ‘ललितकलादर्श’पासून गुजराती-पारशी नाटक कंपन्यांपर्यंत सगळीकडून कामं यायची.

आता पडदा रंगवणं म्हणजे काय ते नीट समजून घेतलं पाहिजे. सपाट कापडावर खोली दाखवायची. खांब मागे जाताना किती बारीक करायचा, उजेड कुठून येतो आणि सावली कुठे पडते, शेवटच्या रांगेतल्या माणसाला काय दिसेल, हा सगळा हिशोब. आपण ज्याला पर्स्पेक्टिव्ह म्हणतो आणि ज्याच्यापायी सबमिशनच्या आदल्या रात्री जागतो, तो ह्या दोघांचा रोजचा धंदा होता.

चोरबाजारातलं यंत्र

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. दोघा भावांनी तो पाहिला आणि पडद्यावरची हलती माणसं त्यांच्या डोक्यातून जाईनात. आपला पडदा कितीही चांगला रंगवला तरी तो जागचा हलत नाही, हा पडदा मात्र चालतो, धावतो!

मग त्यांनी काय केलं? मुंबईच्या चोरबाजारातून एक जुना प्रोजेक्टर विकत घेतला. कोल्हापुरात ‘डेक्कन सिनेमा’ नावाने खेळ सुरू केले. लोकांची करमणूक झाली, पण ह्या दोघांचा अभ्यास चालू होता. कोणतं चित्र कसं घेतलं असेल, उजेड कुठून असेल, यंत्र फिल्म कशी ओढतं. आज आपण ज्याला रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतो ते हेच.

फाळके स्वतः १९१२ साली इंग्लंडला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले होते. त्यासाठी त्यांनी घरचं किती काय पणाला लावलं हे सर्वांना माहीत आहे. कोल्हापूरच्या ह्या पोरांकडे तसा पैसाही नव्हता आणि तशी वाटही नव्हती. तेव्हा विकत मिळत नाही तर बनवू, असं ठरलं. आनंदराव कॅमेऱ्याच्या जुळणीला लागले आणि काम अर्धवट असतानाच १९१६ साली ते वारले.

सगळं इथेच थांबलं असतं तरी कोणी नावं ठेवली नसती. पडद्यांचा धंदा चांगला चालू होता. पण बाबुरावांनी काम सोडलं नाही. त्यांचे शागीर्द विष्णुपंत दामले सोबतीला होते. दोघांनी मिळून १९१८ साली चालणारा कॅमेरा उभा केला.

त्या पेटीत असतं काय?

मेकॅनिकलवाल्यांनो, इथे जरा थांबू या, कारण ‘कॅमेरा बनवला’ हे तीन सेकंदात वाचून होतं आणि त्यामागची मेहनत निसटते.

सिनेमाच्या कॅमेऱ्यात फिल्म सलग सरकून चालत नाही. सलग सरकली तर चित्र फरफटतं. प्रत्येक चित्राच्या वेळी फिल्म भिंगामागे पूर्ण थांबली पाहिजे, झडप उघडून उजेड पडला पाहिजे, झडप बंद झाली पाहिजे, आणि त्या अंधारात फिल्म बरोबर एक घर पुढे सरकून पुन्हा थांबली पाहिजे. मूकपटाच्या काळात हे सेकंदाला साधारण सोळा वेळा व्हायचं, तेही हाताने दांडा फिरवून. एका फुटात सोळा चित्रं, म्हणजे सेकंदाला एक फूट फिल्म. दांड्याच्या एका फेऱ्यात आठ चित्रं धरली तर सेकंदाला दोन फेरे, आणि ती लय सीन संपेपर्यंत ढळता कामा नये. फेरे कमी पडले तर पडद्यावर माणसं पळतात, जास्त झाले तर रेंगाळतात.

पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या फिल्मच्या दोन्ही कडांना भोकं असतात. एका चित्राला चार, आणि दोन भोकांमधलं अंतर जेमतेम पावणेपाच मिलिमीटर. त्या भोकांत अडकून फिल्म ओढणारा नखासारखा भाग जरा जरी ढिला असला तरी मोठ्या पडद्यावर सगळं चित्र थरथरतं. प्रोजेक्टरमध्ये हेच थांबत-थांबत पुढे ढकलायचं काम एक खाचांचं चाक करतं. तुम्ही थिअरी ऑफ मशिन्समध्ये जिनिव्हा मेकॅनिझम शिकलात ना? तेच ते. परीक्षेत आपण त्याची आकृती काढून आठ मार्क घेतो. बाबुरावांनी आणि दामल्यांनी ना पुस्तक, ना वर्ग, ना मास्तर अशा परिस्थितीत ह्या जातीचं यंत्र हाताने जुळवून चालतं केलं. वर पेटीत कुठून उजेडाची एक तिरीप जरी शिरली तरी सगळी फिल्म वाया.

महाराष्ट्र फिल्म कंपनी आणि ‘सैरंध्री’

कॅमेरा हातात येण्याआधीच १ डिसेंबर १९१७ रोजी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी सुरू झाली होती. पैशाची बाजू सांभाळायला एक गायिका पुढे आल्या, तानीबाई कागलकर. आपल्याकडे सिनेमाचा इतिहास सांगताना हे नाव घाईघाईत उरकतात. पण ज्या धंद्याची खात्री कोणीच देत नव्हतं, त्यात एका बाईने स्वतःची कमाई घातली, म्हणून पुढचं सगळं झालं.

पहिला सिनेमा ‘सैरंध्री’. ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्यात मंडईजवळच्या आर्यन थिएटरात तो लागला. कीचकवधाची गोष्ट. त्या काळात बायका सिनेमात काम करायला तयार नसत, फाळक्यांची तारामती पुरुषानेच केलेली होती. इथे गुलाबबाई आणि अनसूयाबाई ह्या दोघींनी कामं केली, कमलादेवी आणि सुशीलादेवी ह्या नावांनी. त्यापायी त्यांना समाजाचा रोष सोसावा लागला आणि स्टुडिओच्या आवारातच आसरा घ्यावा लागला. कीचकाच्या वधाचा प्रसंग तर इतका खरा वाटला की प्रेक्षकांत आरडाओरडा झाला आणि पुढे सेन्सॉरने तो भाग काढायला लावला. लोकमान्य टिळकांनी सिनेमा पाहून बाबुरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. त्याच वर्षी १ ऑगस्टला टिळक गेले.

ह्याच १९२० साली कंपनीत एक अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा आला. आधी हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटरचं काम करून आलेला. इथे पडेल ते काम करायचा. पुढल्याच वर्षी ‘सुरेखाहरण’मध्ये त्याला कृष्णाची भूमिका मिळाली. त्याचं नाव शांताराम वणकुद्रे, म्हणजे आपले व्ही. शांताराम. म्हणजे बघा, मेस्त्रीच्या पोराकडे एक फिटर येऊन शिकला आणि त्यातून मराठी सिनेमा तयार झाला.

पडदेवाल्यानेच पडदा काढून टाकला

बाबुरावांची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही. ज्या माणसाचं पोट रंगवलेल्या पडद्यांवर चाललं, त्यानेच सिनेमातून रंगवलेला पडदा काढून टाकला. नाटकात मागचा पडदा चालतो, कारण प्रेक्षक लांब बसलेला असतो आणि तो मनाने मान्य करतो. कॅमेरा मान्य करत नाही. तो जवळ जातो आणि कापडाची सुरकुती दाखवतो. म्हणून बाबुरावांनी खऱ्या जाडी-उंचीचे सेट उभे केले. खांबाला वळसा घालून माणूस मागे जाऊ शकेल असे. आधी कागदावर प्रत्येक प्रसंगाची रेखाटनं करायचे: कोण कुठे उभा राहील, अंगावर काय असेल, कसा वळेल. आपण मॉडेल बनवण्याआधी ड्रॉइंग काढतो तसंच की.

१९२३ सालचा ‘सिंहगड’ हा तानाजीचा सिनेमा, हरि नारायण आपट्यांच्या कादंबरीवरचा. तोवर आपल्याकडे शूटिंग म्हणजे सूर्याच्या उजेडातच. पण सिंहगडाची मोहीम रात्रीची! बाबुरावांनी विजेचे दिवे वापरले. भारतीय सिनेमात कृत्रिम प्रकाशाचा वापर इथून सुरू झाला असं मानतात. सिनेमाला गर्दी इतकी लोटली की सरकारला करमणूक कर लावायची कल्पना ह्या गर्दीवरूनच सुचली, असंही सांगितलं जातं. दर तिकिटामागे आपण जो कर भरत आलो त्याच्या मुळाशी तानाजी आहे म्हणायचा!

१९२४ साली ‘कल्याण खजिना’ आला आणि लंडनजवळ वेम्ब्लीला भरलेल्या प्रदर्शनात त्याला पदक मिळालं. ह्या सिनेमाचं बाबुरावांनी केलेलं पोस्टर आजही बघायला मिळतं, आणि आपल्या देशातल्या उरलेल्या सर्वांत जुन्या चित्रमय सिनेपोस्टरांत त्याची गणना होते. सिनेमाची माहिती आणि फोटो छापलेली पुस्तिका प्रेक्षकांच्या हातात द्यायची पद्धतही त्यांनी आधीच, १९२१-२२ च्या सुमारास पाडली होती. म्हणजे मशीन, सेट, दिवे, कपडे, जाहिरात, सगळ्यावर एकाच डोळ्याची नजर.

‘सावकारी पाश’ आणि आमचा भीमाकाठ

आता तो सिनेमा. १९२५ सालचा ‘सावकारी पाश’. कथा नारायण हरि आपट्यांची. (वरचे हरि नारायण आपटे वेगळे, हे नारायण हरि वेगळे. नावं उलटसुलट असल्याने परीक्षेत चुकायची हमखास जागा!) देव नाहीत, राजे नाहीत, तलवारी नाहीत. एक शेतकरी सावकाराच्या कचाट्यात सापडतो, जमीन जाते, आणि शेवटी गाव सोडून शहरात गिरणीत कामाला लागतो. तरुण शेतकऱ्याचं काम शांतारामांनी केलं होतं.

आमचं वडगाव रासाई भीमेच्या काठावर. अलीकडे शिरूर तालुका, नदी ओलांडली की दौंड तालुका. आज दोन्ही बाजूंना ऊस दिसतो, कारखान्यांचे ट्रॅक्टर दिसतात, त्यामुळे नवख्या माणसाला वाटतं की हा मुलूख कायमचाच हिरवा असेल. तसं नव्हतं. इंग्रजी राज्यात ह्याच पट्ट्यात सावकारी अशी माजली होती की लोक पेटून उठले. डिसेंबर १८७४ मध्ये आमच्याच शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात एका सावकाराने कोर्टाचा हुकूमनामा आणून गावच्या देशमुखाच्या घरावर टाच आणली आणि गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांच्या शेतात कोणी जाईना, न्हावी दाढी करीना, पाणी कोणी भरीना. मग १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला उठाव झाला आणि तो गावोगाव पसरला. लोकांना सावकारांच्या जिवापेक्षा त्यांची कागदपत्रं हवी होती. खतं, रोखे, वह्या बाहेर काढून त्यांची होळी केली गेली. इतिहासाच्या पुस्तकात ह्याला दख्खनचे दंगे म्हणतात. पुढे १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला, पण सावकारी काही संपली नाही.

माझ्या आजोबांच्या तोंडी ‘खत’ हा शब्द शेतात टाकायच्या खतापेक्षा कर्जाच्या खतासाठीच जास्त यायचा. पणजोबांनी एका लग्नासाठी पैसे उचलले, नदीकाठचा तुकडा गहाण पडला, तो काही परत आला नाही. घरात त्या तुकड्याला अजून ‘आपला’च म्हणतात. उतारा दुसऱ्याच्या नावाचा, आणि शब्द मात्र आपला! शिरूर-दौंडच्या किती घरांत अशी एकेक गोष्ट असेल. मला नेहमी वाटायचं की हे कथेत, सिनेमात यायच्या लायकीचं कोणाला वाटलंच नसेल. आणि मग कळलं की शंभर वर्षांपूर्वी एका पडदे रंगवणाऱ्या माणसाला ते वाटलं होतं.

त्या सिनेमातल्या एका दृश्याची आठवण जे. बी. एच. वाडिया ह्या पुढच्या काळातल्या नामवंत निर्मात्याने लिहून ठेवली आहे: अंधारी, उदास झोपडी आणि तिथे रडणारं कुत्रं. मूकपट होता, आवाज नव्हताच. तरी बघणाऱ्याला इतक्या वर्षांनी कुत्र्याचं रडणं आठवत होतं. केवळ उजेड-अंधारावर प्रेक्षकाच्या कानात आवाज उभा करायचा, ह्यापेक्षा चित्रकाराची मोठी परीक्षा कोणती?

सिनेमा चालला नाही. पौराणिक चमत्कार आणि ऐतिहासिक लढाया बघायला चटावलेल्या प्रेक्षकाला स्वतःच्या घरातलं दुःख पैसे देऊन बघायचं नव्हतं. बाबुराव पुन्हा पौराणिक, ऐतिहासिक गोष्टींकडे वळले. पण ती गोष्ट त्यांच्या मनातून गेली नसावी. कारण अकरा वर्षांनी, १९३६ साली, त्यांनी ‘सावकारी पाश’ पुन्हा काढला, ह्या वेळी बोलपट म्हणून. पडलेला सिनेमा माणूस दुसऱ्यांदा काढतो तो धंद्यासाठी खचितच नव्हे.

शिष्य निघून गेले तेव्हा

१९२९ साली दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम हे चौघे कंपनीतून बाहेर पडले. सीताराम कुलकर्णी यांना सोबत घेऊन पाच जणांनी १ जूनला कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३३ साली प्रभात पुण्याला गेली. बाबुरावांच्या कंपनीचे हातपायच गेले. १९३१ साली बोलपट आला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली.

इथे बाबुरावांना विसरून प्रभातची गोष्ट सांगायची पद्धत आहे. पण प्रभातचे सिनेमे नीट बघा. दामले यंत्राकडे, आवाजाकडे बघायचे. फत्तेलाल सेट आणि चित्र बघायचे. शांताराम दिग्दर्शन करायचे. हे सगळं एकटे बाबुराव करत होते, तेच शिष्यांनी आपसात वाटून घेतलं होतं. गुरूची वर्कशॉपच त्यांनी पुण्याला नेली म्हणा ना.

बाबुरावांनी पुढे शालिनी सिनेटोनसाठी ‘उषा’ (१९३५), ‘सावकारी पाश’ (१९३६), ‘प्रतिभा’ (१९३७) हे बोलपट केले. १९४७ सालच्या ‘लोकशाहीर रामजोशी’ ह्या राजकमलच्या सिनेमाचं दिग्दर्शन त्यांनी केलं. म्हणजे जुना शिष्य आता निर्माता आणि गुरू दिग्दर्शक. बाकी वेळ चित्रं आणि मूर्ती. सिनेमाने हात सोडला तरी ब्रश हातात होताच.

राहिलं काय?

मित्रांनो, वर ज्या मूकपटांची मी इतकी तारीफ केली त्यातला एकही आज तुम्हाला पूर्ण बघायला मिळणार नाही. ‘सैरंध्री’ नाही, ‘सिंहगड’ नाही, १९२५ चा ‘सावकारी पाश’ नाही. ‘मुरलीवाला’ आणि ‘सती सावित्री’ ह्या १९२७ च्या दोन सिनेमांचे तेवढे काही तुकडे हाती आहेत.

असं का झालं? कारण त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची. केमिकलवाल्यांना सांगायला नको, हा बंदुकीच्या दारूचा जवळचा नातलग. पटकन पेट घेतो आणि एकदा पेटला की विझवणं मुश्किल, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन त्याच्या पोटातच असतो. जळाला नाही तरी उष्ण, दमट हवेत आपोआप सडतो, चिकट होतो, शेवटी भुकटी. शिवाय फिल्मवर चांदी असते, म्हणून जुन्या रिळांतून चांदी काढून विकणारेही होते. बोलपट आल्यावर मूकपटाला कोण विचारतो? पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं १९६४ साली. तोवर बरंच काही गेलेलं होतं. २००३ च्या जानेवारीत पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात लागलेल्या आगीत आणखी जुनी नायट्रेट रिळं जळाली.

म्हणून जे उरलंय ते बघितलं पाहिजे असं मला कळकळीने वाटतं. कोणी बघतच नसेल तर जपण्यावर खर्च तरी कोण करणार?

मग बघायचं काय?

माझी यादी देतो. पटेल ते घ्या.

१. ‘संत तुकाराम’ (१९३६). दिग्दर्शक दामले-फत्तेलाल, म्हणजे बाबुरावांचे दोन पट्टशिष्य. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या निवडक सिनेमांत गौरवलेला. देवाधर्माचा म्हणून टाळू नका. तुकारामाची बायको जिजाई, तिची चूल, तिचा संताप बघा. आपल्या गावातली बाई वाटते. विष्णुपंत पागनीस अभिनय करतात असं वाटतच नाही.

२. ‘कुंकू’ (१९३७). शांतारामांचा. ह्याची कथा पण नारायण हरि आपट्यांचीच. म्हाताऱ्याशी फसवून लावलेलं लग्न नाकारणारी पोरगी शांता आपटे यांनी केली आहे. ह्यात पार्श्वसंगीत नाही, जे आवाज आहेत ते प्रसंगातलेच. कान देऊन बघा.

३. ‘माणूस’ (१९३९). पोलीस आणि वेश्या यांची गोष्ट. रात्रीच्या रस्त्यावरचा उजेड बघताना ‘सिंहगड’चे दिवे आठवा.

४. ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७). बाबुरावांचं स्वतःचं काम बघायचं तर हा. जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर. आमच्या भागात जत्रेला तमाशा ठरलेलाच, त्यामुळे ढोलकी सुरू झाली की घरच्यासारखं वाटतं.

५. ‘दो बिघा जमीन’ (१९५३). बिमल रॉय यांचा. शेतकरी, कर्ज, शहर. मूक ‘सावकारी पाश’ बघता येत नाही, पण त्याच वाटेवरचा हा सिनेमा अठ्ठावीस वर्षांनी आला आणि गाजला.

६. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९). परेश मोकाशींचा, फाळक्यांवरचा. हसत-हसत कॅमेरा म्हणजे काय ते कळतं. प्रोजेक्ट चालत नाही म्हणून रडणाऱ्यांनी अवश्य बघावा.

७. ‘सेल्युलॉइड मॅन’ (२०१२). शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांचा माहितीपट. चित्रपट संग्रहालय उभं करणाऱ्या पी. के. नायर यांच्यावर. रिळं गोळा करण्यात आयुष्य घालवलेला माणूस.

आता चित्रं. कोल्हापूरला ज्योतिबा-अंबाबाई करायला आपण जातोच. तेव्हा टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात तासभर काढा. आबालाल रहिमान आणि बाबुराव पेंटर, दोघांचीही चित्रं तिथे आहेत. घाई करू नका. एकाच चित्रासमोर पाच मिनिटं उभे राहा आणि फक्त एवढं शोधा की उजेड कुठून येतोय. ते एकदा दिसायला लागलं की सिनेमा बघायची नजर आपोआप बदलते. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, तोही बघून या. लोक त्याला वळसा घालून तांबडा-पांढरा खायला जातात, तुम्ही दोन मिनिटं थांबा. ‘कल्याण खजिना’चं पोस्टर इंटरनेटवर सहज मिळतं. त्यातली मांडणी बघा आणि मग आपल्या गॅदरिंगचं पोस्टर बघा!

पुण्यात असाल तर लॉ कॉलेज रोडवरचं फिल्म इन्स्टिट्यूट म्हणजे जुना प्रभात स्टुडिओच. चित्रपट संग्रहालयही त्याच रस्त्यावर आहे. तिथे जुने सिनेमे दाखवले जातात, लक्ष ठेवा.

शेवटी वसतिगृहाचे रेक्टर सर आणि ग्रंथपाल मॅडम यांना एक विनंती. महिन्यातून एक रात्र प्रोजेक्टर ह्या यादीसाठी मिळावा. पहिल्या खेळाला वीस पोरं आली तरी पुष्कळ झालं, खुर्च्या मी लावतो. बाबुरावांच्या हयातीत ‘सावकारी पाश’ला गर्दी झाली नव्हती. आपल्याकडे निदान त्यांच्या ‘रामजोशी’ला तरी होऊ दे.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी
(मु. पो. वडगाव रासाई, ता. शिरूर, जि. पुणे)